पुस्तकांबद्दल पण खरं बोला की!

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं पुस्तकांचं पान मी नेमानं वाचतो आणि दर वेळी एकच प्रश्न पडतो, मराठीत वाईट पुस्तक निघतच नाही का हो? सगळीच अंतर्मुख करणारी, सगळीच संग्रही असावीत अशी. इथे इंदूरला आमच्या मित्रमंडळीत बिअरबद्दल कुणी असं बोललं ना, तर लोक त्याला कंपनीचा एजंट म्हणतील. पहिला घोट घेतला की माणूस बिनधास्त सांगतो, पाणचट आहे, नुसती कडू आहे, परत नको. तोच माणूस पुस्तकाचा विषय निघाला की गप्प, नाहीतर मान हलवत 'छान आहे, छान आहे'. म्हणून म्हटलं आपणच सुरुवात करावी. मधल्या काळात जे वाचलं आणि जे प्यालो त्याबद्दल जसं वाटलं तसं लिहितोय, छापायचं की नाही ते तुम्ही बघा.

सगळ्यात जास्त मजा आली ती विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'ला. हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि पूर्ण वाचलेला माणूस शोधावा लागतो. कोकणातल्या वरसईचा गरीब भिक्षुक, घरात कर्ज, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा चांगली मिळणार असं कानावर आलं म्हणून काकाला घेऊन निघतो, आणि आमच्या महूच्या छावणीपर्यंत येतो तोच 1857 चं बंड. बिचारा निघाला होता दक्षिणेसाठी आणि सापडला झाशीच्या वेढ्यात! इतिहासाच्या पुस्तकात झाशी पडली हे एका ओळीत येतं, इथे कत्तल चालू असताना घरात दडून बसलेल्या माणसाची तहानभूक येते. आणि नंतरचा तो विहिरीचा प्रसंग, काल्पीच्या वाटेवर राणी थकून आलेली, भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नको, मीच काढते. पुढचं पान उलटायच्या आधी मी जरा वेळ थांबलो होतो.

पण यात एक भानगड आहे आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. भटजींनी हे लिहिलं इतिहासकार चिं. वि. वैद्यांच्या सांगण्यावरून, वैद्यांनी 1907 मध्ये छापलं पण हात फिरवून, भाषा नीट केली, काही काढून टाकलं, इंग्रजांचं राज्य होतं त्यामुळे तेही समजू शकतो. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी पुस्तक काढलं ते थेट 1966 ला. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचली आणि माझं मत स्पष्ट आहे, पोतदारांचीच घ्या. न गाळलेली गव्हाची बिअर असते तसं आहे ते, दिसायला गढूळ पण चव सगळी त्या गढूळपणातच.

आता गव्हाच्या बिअरचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडे मायक्रोब्रुअरीत जी सगळ्यात जास्त खपते ती हीच, जर्मन पद्धतीची हेफेवाइझन. वास घेतला तर पिकलेलं केळं आणि मागून लवंग. आम्हाला वेटर सांगत होता की सर, यात बनाना फ्लेवर टाकतात. काहीही टाकत नाहीत हो, तो वास यीस्टचा, आंबताना ते यीस्टच तयार करतं. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र खरंच धणे आणि संत्र्याची साल घालतात, बाटलीतली बिरा व्हाइट त्याच वळणाची, आणि मला ती उन्हाळ्यात आवडते, उगाच जड होत नाही. तक्रार एकच, आपल्याकडे सगळं इतकं गार देतात, वर ग्लास पण फ्रीजरमधला, की केळंही कळत नाही आणि लवंगही नाही. बाहेर 43 डिग्री असताना माणूस गारच मागणार हे मला मान्य आहे, पण मग साधी लागर, म्हणजे नेहमीची फिकट पिवळी बिअर, घ्या ना, जास्तीचे पैसे कशाला घालवता.

पुण्याचा भाचा आला होता, तो म्हणाला मामा, आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, ट्राय करा, आणि मग त्यानं ती गोष्ट ऐकवली, की इंग्लंडहून हिंदुस्थानपर्यंतच्या प्रवासात बिअर खराब व्हायची म्हणून हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, जास्त घालून खास नवीन बिअर शोधून काढली. गोष्ट छान आहे, पण अर्धीच खरी. हॉप्समुळे बिअर टिकते हे बरोबर, पण लंडनच्या बो भागातला हॉजसन जी पेल एल पाठवायचा ती काही त्यानं आपल्यासाठी शोध लावून बनवलेली नव्हती, त्याची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथे लागायची तिथून जवळ होती आणि कप्तानांना तो उधारीवर माल द्यायचा, धंदा जमला. नंतर 1820 च्या दशकात इंग्लंडमधल्याच बर्टन गावचे बिअरवाले उतरले आणि त्यांनी त्याचं मार्केट खाल्लं. आणि ही सगळी साहेबलोकांची चैन, साधा गोरा शिपाई बहुतेक काळी पोर्टरच प्यायचा. भाच्याला हे सांगितलं तर म्हणे मामा, तुम्ही प्या आधी. प्यालो. कडू आहे, पण तो कडूपणा हळूहळू आवडायला लागतो, अर्ध्या ग्लासानंतर.

स्ट्राँग बिअरबद्दल मी फार लिहिणार नाही. 650 मिलीची बाटली, आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल, आणि चव विचारू नका. आपल्या देशात खप त्याचाच जास्त, कारण लोक पैशाला किती चढते ते बघतात. त्यांचं बरोबर की चूक ते त्यांचं त्यांनी बघावं. 2023 ला सरकारनं इथले अहाते, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा, बंद केल्यापासून ती मंडळी दुकानातून घेऊन कुठे बसतात हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

परत पुस्तकांकडे. भालचंद्र नेमाड्यांचं 'कोसला' कॉलेजात वाचलं होतं, आता परत काढलं. तेव्हा होस्टेल, मेस, सेक्रेटरीपणाची भानगड यावर पोट धरून हसलो होतो, आता त्या हसण्याच्या जागा थोड्या लांबल्यासारख्या वाटल्या, पण नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचं प्रकरण तेव्हापेक्षा आता जास्त लागलं, मुलं झाल्यावर ते वेगळंच वाचलं जातं. त्या भरात नेमाड्यांचीच 'हिंदू' घेतली, सहाशेच्या आसपास पानं, मोहेंजोदडोची सुरुवात जबरदस्त, आणि नंतर मी कुठेतरी हरवलो, सापडलोच नाही. मधेच सोडली. आमच्या घरी यावर वाद झाला, बायकोनं पूर्ण वाचलीय आणि तिचं म्हणणं की तुम्हाला धीरच नाही. असेल. पण ज्ञानपीठवाल्या लेखकाचं पुस्तक अर्धवट सोडलं असं चारचौघांत म्हणायला लोक इतके का घाबरतात ते मला कळत नाही. अर्धा ग्लास ठेवून उठलेल्याला आपण अडाणी म्हणतो का? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' त्याच्या उलट, सोडवेना, रात्री दोनपर्यंत बसून वाचली, एवढे हाल सोसून त्या बाईला इतकं हसू येतं कसं. त्या रात्री सोबत फक्त चहा होता.

जाता जाता खाण्याचं, कारण पुण्यामुंबईचे वाचक पण हे पान वाचतात. लागरसोबत रतलामी सेव, त्यातली लवंग आणि मिरी लागरलाच सोसते, गव्हाच्या बिअरशी तिचं जमत नाही, लवंगेवर लवंग होते. थंडीत तळलेला गराडू, म्हणजे आमच्याकडचा कंद, वर जीरावन मसाला आणि लिंबू, आणि बाजूला भाजक्या माल्टची काळी स्टाउट. यापेक्षा चांगली जोडी मला अजून तरी मिळालेली नाही, कुणाला मिळाली असेल तर जरूर लिहा.

तर विनंती एवढीच की त्या पानावर एक कोपरा साध्या वाचकांना द्या, पाच-सहा ओळी, काय आवडलं, काय अर्धवट सोडलं आणि का. समीक्षकांचे मोठे लेख राहू द्या वरती. आणि एक शोध चालू आहे तोही छापा, शरच्चंद्र मुक्तिबोध आपल्या इंदूरचेच, जन्म इथला, 1921 चा, त्यांच्या तीन कादंबऱ्यांपैकी 'क्षिप्रा' मला रद्दीवाल्याकडे मिळाली, पहिली पानं वाळवीनं खाल्लेली पण वाचता येते आणि चांगली आहे, माळव्यातला मराठी मुलगा मराठी कादंबरीत भेटतो कुठे एरवी. पुढच्या दोन, 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथे', आमच्या वाचनालयाच्या यादीत आहेत, कपाटात नाहीत. कुणी नेल्या असतील तर वाचून झाल्यावर परत आणून द्या, दंड माफ करायला मी ग्रंथपालांना सांगतो.

आपला,
एक वाचक
रामबाग, इंदूर