झोपेची वही भरलीत का?

मंडळी, झोप न येण्यावरच्या आपल्या गटाचं व्हिडिओ कॉलवरचं दुसरं सत्र बुधवारी रात्री 8 वाजता. वही भरलेली हवी: अंथरुणावर कधी पडलात, डोळा कधी लागला, कितीदा जाग आली, उठलात कधी. घड्याळ बघत बसू नका, अंदाज पुरे. मागच्या वेळी दोघांनी सातही दिवस कॉलच्या आधी पाच मिनिटांत, एकाच पेनानं उरकले होते. कळतं हो ते!

वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून खुर्चीत बसा, पेंग आली की परत आडवे व्हा. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच. रंकाळ्यावरचा रात्रीचा चहा तूर्त बंद. कुणाला फिट येत असेल तर उपचाराचा भाग म्हणून झोपेचे तास कमी करण्याआधी सांगा. मन फारच खचलं तर बुधवारची वाट न बघता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, मराठीत बोलतात.