मला दुसऱ्यांदा उशीर करायचा नाही

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

फोनवर बोलायला गेलं की आई रडते आणि बाबा ‘ठीक आहे’ म्हणून फोन ठेवतात, म्हणून लिहिते आहे. आधी सांगून टाकते. ठाण्यात उथळसरला दोन बेडरूमचं घर भाड्याने घेतलंय, डिपॉझिटही भरलंय. तुम्हाला न विचारता. रागवा, पण आधी सगळं वाचा. बाबा मोरीत पडले हे मला आठ दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. दादा गेला तेव्हा माळशेज घाट बंद होता, मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मला दुसऱ्यांदा उशीर करायचा नाही.

आई सांगत होती, चर्चमध्ये बायबलातला योहानाचा अकरावा अध्याय, मेलेल्या लाजराला येशू उठवतो तो, वाचायला घेतला आणि बाबा उठून बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसले. बाबा, मी असते तर मीही तुमच्याशेजारी येऊन बसले असते. पाचव्या वचनात येशूचं लाजरावर आणि त्याच्या बहिणींवर, मार्था आणि मरीयेवर, प्रेम होतं असं लिहिलंय, आणि लगेच सहाव्यात, आजाराचा निरोप मिळूनही तो होता तिथेच दोन दिवस राहिला. ती दोन वचनं शेजारी शेजारी वाचली की माझाही श्वास अडकतो.

तुम्ही गणिताचे मास्तर. निरोप्याला एक दिवस, तिथे दोन, यायला एक असे धरले तर चार होतात, आणि लाजर कबरेत चारच दिवस होता. म्हणजे येशू लगेच निघाला असता तरी लाजर गेलेलाच असता. मलाही डॉक्टर तेच म्हणाले होते, तुम्ही आधी पोचून काही झालं नसतं. हिशेब जुळतो, मन शांत होत नाही.

पण पुढचं वाचताना माझा हात धरल्यासारखं होतं. मार्था म्हणाली, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीयाही अगदी तेच म्हणाली. तो एकीवरही रागावला नाही. मार्थेला त्याने उत्तर दिलं आणि मरीयेला बघून तो रडला. आई, तू मार्था आहेस, तुला बोलून मोकळं व्हायचं असतं. बाबा, तुम्हाला उत्तर नको आहे, हे मला आता कळतंय. तुमच्याजवळ बसून रडणारा हवा आहे, आणि कडुलिंबाखाली तो होता असं मी मनापासून मानते.

आणि लाजराचं गाव होतं त्या यहूदीयात येशूला दगडमार करायला लोक टपलेले होते, शिष्य नको म्हणत होते, तरी तो आला. लाजर उठला त्याच दिवसापासून त्याला मारायचा बेत ठरला. उशिरा आला, पण स्वतःचा जीव तळहातावर घेऊन आला. आपला दादा उठला नाही. ते का, हे मला सांगता येत नाही, आणि कुणी सांगायला लागलं तर मला राग येतो. दौंडजवळच्या केडगावात पंडिता रमाबाईंची एकुलती एक मनोरमा 1921 मध्ये गेली, आणि 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या. मधले महिने त्या मराठी बायबलाचं भाषांतर करत बसल्या होत्या. लेक गेल्यावर हाच अध्याय त्यांनी कसा वाचला असेल, हे मनातून जात नाही.

असो. घराला लिफ्ट आहे. बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा बसवून घेतलाय. खालीच गिरणी आहे, बाजरी दळून मिळते, मी विचारून आले. संध्याकाळी तलावपाळीला बाकावर बसता येईल. मराठी उपासना रिक्षाने दहा मिनिटांवर. बाबांना जुन्या इमारतींची आवड, तर इथलं सेंट जेम्स चर्च दाखवीन, 1825 मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते त्याचं समर्पण झालं. नगरचं घर विकायचं नाही, दादाची खोली आहे तशीच राहील. दिवाळीनंतर नाही करमलं तर मी स्वतः परत सोडेन.

बाबा, संडेस्कूलला नेताना सायकलच्या कॅरिअरला तुम्ही तुमचा टॉवेल चार घड्या करून बांधायचात, मला सळ्या टोचू नयेत म्हणून. परवा कुशन घेताना मी दुकानात तसाच हात फिरवून बघत होते.

आता ऐका. मी येईपर्यंत स्टुलावर चढायचं नाही, दोघांनीही. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, चुकवायची नाही. मोरीत चप्पल घालूनच जायचं. रिपोर्टांची फाईल आणि चष्म्याचा जुना नंबर वेगळ्या पिशवीत. आई, पापड-कुरडयांचे डबे भरू नकोस, कंबर जपायची. बरं, एक डबा भर.

शनिवारी सकाळी गाडी घेऊन निघते, दुपारी जेवायला तिथेच. बाबा, दादाचा मफलर तुमच्या उशीखाली असतो हे मला माहीत आहे. तो बॅगेत टाकू नका, गाडीत हातातच ठेवा. घाटात गार वारा असतो.

तुमची,
बेबी