ट्रॅव्हलरवाल्या मामांना जाहीर आभार पत्र

मामा, सप्रेम नमस्कार.

सहलीच्या गाडीचं भाडं विचारायला फोन केला की समोरून पहिला प्रश्न येतो, "तारीख कुठली?" तुम्ही विचारलंत, "पोरांची उंची किती?" सांगलीहून खोपोलीच्या इमॅजिका या राइडच्या पार्कला जायचं तर खरंच हाच प्रश्न आधी हवा. विश्रामबागेतल्या आम्हा सगळ्या घरांकडून तुमचे मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण तुमच्या सूचना इतरांच्याही उपयोगी पडतील.

आपल्याकडे उंची फुटात सांगायची सवय, आणि राइडच्या दाराशी मोजमाप सेंटिमीटरमध्ये. चार फुटांचं पोरगं 122 भरतं, म्हणजे 120 ची अट असेल तर आत जातं. साडेचार फुटांचं भरतं 137, आणि 140 च्या अटीला तीन सेंटिमीटरनं अडकतं. तुम्ही सांगितलेली पद्धत सोपी आहे: पायात काही नको, टाचा भिंतीला, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलची खूण, मग टेप. तिथल्या माणसाशी हुज्जत घालून उपयोग नसतो. सीटचा दांडा ठरावीक बांध्याच्या शरीरावरच नीट बसतो, लहान अंग त्यातून निसटू शकतं. उंच्या आधीच लिहून ठेवल्या की कुठल्या राइडला कोण बाहेर राहणार आणि त्याच्याजवळ कोण मोठं माणूस थांबणार, हे घरीच ठरतं. काही पार्कांत तर लहान मुलांचं तिकीटही वयावर नाही, उंचीवर असतं. म्हणून तिकिटं मोजमापानंतरच काढायची.

तारखेबद्दलही तुमचं म्हणणं पटलं. आठवड्याच्या मधल्या वारी गर्दी नसते, हे डिसेंबर-जानेवारीत खरं नाही, कारण शाळांच्या सहली नेमक्या तेव्हाच येतात. फेब्रुवारी बरा. मे महिन्यात घाटाखालची दमट हवा पोरांना दुपारीच गळपटवते, आणि पावसाळ्यात विजा कडाडल्या की उघड्यावरच्या राइड थांबवाव्या लागतात. शनिवार-रविवारच जमत असेल तर आपल्याला एक फायदा आहे: शनिवारी सकाळी बोरघाट मुंबईकडून येणाऱ्यांनी तुंबतो आणि रविवारी संध्याकाळी तिकडे परतणाऱ्यांनी. आपण दोन्ही वेळा उलट्या दिशेला असतो.

रात्री दोनला निघून सकाळी गेटवर हजर, हा बेत तुम्ही खोडून काढलात ते उत्तमच. सातारकरांना पहाटे निघून जमतं. सांगलीहून रस्ता तीनशे किलोमीटरच्या वर आहे. शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारची वेगमर्यादा ट्रॅव्हलरला लागू नाही, तिची कमी आहे. म्हणून आदल्या दिवशी दुपारी निघायचं आणि मुक्काम लोणावळ्याला नाही, घाट उतरून खोपोलीला करायचा. सकाळी घाटात काही अडलं तरी आपण खाली असतो. उलटीची गोळी घाट लागल्यावर देऊन उपयोग नाही, निदान अर्धा तास आधी द्यायची, आणि किती ते मुलांच्या डॉक्टरांना विचारून. पेठ नाक्याला महामार्गावर लागण्याआधी फास्टॅगची शिल्लक बघायची: तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, आणि पुढे द्रुतगती मार्गाचा टोल वेगळा.

वॉटरपार्क आणि राइड एकाच दिवसात उरकायचा हट्ट पैसे वाचवतो असं वाटतं, पण त्यात दोन्हींची वाट लागते. पाण्यात जायचं असेल तर पोहण्याचे नायलॉनचे कपडे इथूनच न्यायचे. सुती कपडा पाणी धरून जड होतो, त्याचे धागे फिल्टरमध्ये अडकतात, आणि जीन्सच्या बटणांनी घसरगुंडीवर ओरखडे पडतात. असे कपडे तिथे चालवून घेत नाहीत. ऐनवेळी तिथे कपडे घ्यायचे म्हणजे खिशाला चाट. दशम्या, चटणी, भडंग हे सगळं गाडीतच ठेवायचं, आत बाहेरचं खाणं चालत नाही. तान्ह्या बाळाचं तेवढं सोडतात. जेवण बाराच्या आत नाहीतर दोननंतर. मोठ्या राइड सकाळी, आणि तेही गेटाजवळच्या नाही, लांबच्या आधी. आतले शो दुपारच्या उन्हात.

आणखी एक. भाडं ठरवताना टोल, पार्किंग, चालक भत्ता, रात्रीचा आकार आणि दिवसाचे किमान किलोमीटर हे सगळं तुम्ही स्वतःहून कागदावर लिहून दिलंत. सतरा सीटच्या गाडीत बॅगा धरून चौदाच माणसं बसवा, हेही तुम्हीच सांगितलंत, ते तुमच्या धंद्याच्या विरुद्ध होतं तरी. आणि ठणकावलंत की पार्कच्या दिवशी गाडी उभी राहील, मी झोपणार. आजी-आजोबांना महडच्या वरदविनायकाला न्यायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी, परतीला लागण्याआधी. भाड्याच्या या सगळ्या गोष्टी आम्ही आता दुसऱ्या गाडीवाल्यांशी बोलतानाही आधी विचारतो.

तुमच्या त्या कागदाच्या प्रती गल्लीत वाटल्या आहेत. फोन जास्त येऊ लागले तर दोष आमचा.

आपले,
विश्रामबाग, सांगली येथील सहलकरी मंडळी