आईला तो सूर्यास्त वाटला

चेन्नई,
संक्रांत उलटून गेल्यावर

प्रिय मंजे,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा ‘मग करते’ म्हणाले होते. तो ‘मग’ अजून उगवलेला नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, साखर आटोक्यात.

लिहायला बसले ती आईमुळे. रविवारी इथल्या एलियट्स बीचवर काढलेला सूर्योदयाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच आईचा निरोप: “अगो, काय सुंदर सूर्यास्त! भाट्याला आलीस आणि घरी नाही आलीस?” दादाने त्याखाली हसरी तोंडं टाकली. इथल्या मैत्रिणींना सांगितलं तर म्हणतील, त्यात काय एवढं. पहाटेचा गजर लावून, घरातल्यांची बोलणी खाऊन, वाळूत बूड भिजवून काढलेला फोटो होता गं तो!

बरं, आईला तरी काय बोलणार? तिच्या उभ्या जन्मात सूर्य पाण्याला टेकला की तुळशीपाशी दिवा लावायची वेळ. आपल्या कोकणात सकाळचा सूर्य आंब्यांच्या मागून येतो, तोही चांगला वर आल्यावर दिसतो. समुद्रातून वर येणारा सूर्य मीसुद्धा इथे बदली झाल्यावरच पाहिला.

तू म्हणशील, कॅमेरा धड धरता येत नसेल. तर ऐक. एसीच्या खोलीतून थेट बाहेर नेला की इथल्या दमट हवेत लेन्सवर बाष्प धरतं, पुसलं तरी परत येतं. म्हणून बॅग रात्रीच गॅलरीत ठेवते. सूर्योदय साडेसहाच्या पुढे, पण मी पाऊण तास आधी पोचते, कारण इथला संधिप्रकाश फार टिकत नाही. निळं आकाश बघता बघता संपतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची सेटिंग, ऑटोवर ठेवला की कॅमेरा शहाणपणा करून केशरी रंग धुऊन टाकतो, तो ‘डेलाइट’वर ठेवलाय. रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये काढते. एक्स्पोजर आकाशाचं घेते, एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड. पांढरं जळून गेलेलं परत मिळत नाही, काळोखातलं थोडंफार ओढून काढता येतं. ट्रायपॉडचे पाय आधी वाळूत दाबून घ्यायचे, नाहीतर लाट पायाखालची वाळू नेते आणि क्षितिज कलतं. आयएसओ 100, एफ 11, झडप अर्धा सेकंद उघडी, म्हणजे परतणाऱ्या लाटेच्या रेघा येतात. नानांच्या यशिका कॅमेऱ्यावर यातलं काही सुचलं असतं का? तेव्हा रोलमध्ये 36 फोटो, त्यातले शेवटचे तू गणपतीपुळ्याच्या त्या लंगड्या कुत्र्यावर उडवलेस. विसरले नाहीये मी.

सूर्याचीही गंमत आहे. 18 मिमीच्या रुंद लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याएवढी पडते. डोळ्यांनी केवढा गोळा दिसतो, आणि फोटोत साबुदाणा! 200 मिमीच्या लांब पल्ल्याच्या लेन्सवर दोनएक मिलिमीटर होतो, पण मग बाकीचा किनारा गायब. शिवाय त्या लेन्समधून, व्ह्यूफाइंडरला डोळा लावून सूर्य बघायचा नाही, स्क्रीनवरच बघायचा. आणि भाट्याला ओहोटीला ओल्या वाळूचा आरसा होतो ना, तसा इथे मिळत नाही. भरती-ओहोटीत फरक जेमतेम मीटरभर, किनाऱ्याला उतार, लाट येते ती पायावरच आदळते.

एवढं सगळं करून आला काय, तर सूर्यास्त.

मला छळतंय ते हे. उजेड दोन्ही वेळेला तोच. किरण तिरपे येतात, हवेतून लांबचा रस्ता कापतात, निळा रंग वाटेत विखुरतो, तांबडा उरतो. नुसतं पाणी, ढग आणि गोळा दाखवला तर सकाळ की संध्याकाळ हे त्या फोटोलाही सांगता यायचं नाही. मग सकाळ आणायची कुठून? तू पूर्वी म्हणाली होतीस, सूर्यच हवा असेल तर पंचांगवाल्याकडे नोकरी धर. त्यावरून आपण आठवडाभर अबोला धरला होता. तुझं अजूनही पूर्ण पटत नाही, पण परवा मी समुद्राकडे पाठ केली. किनाऱ्यावरच्या श्मिट स्मारकाच्या पांढऱ्या भिंती गुलाबी झाल्या होत्या. ऊरूर कुप्पमकडच्या कोळ्यांच्या होड्या येऊन लागल्या होत्या, जाळ्यांतून मासे सोडवणं चाललं होतं, कावळे दबा धरून.

आणि वाळूत कासविणीचा माग! रात्री अंडी घालायला वर आलेली. तिच्या वल्ह्यांसारख्या पायांचे आळीपाळीने पडलेले ठसे, पाऊण मीटर रुंद पट्टा, पाण्यापासून वर आणि परत पाण्यापर्यंत. सूर्य नुकताच वर आलेला, त्यामुळे प्रत्येक खळग्यात सावली भरलेली. थोड्या वेळाने तोच माग सपाट दिसायला लागतो. सूर्य बाजूला घेऊन मी पोटावर पडून काढला, कारण उभं राहिलं की माझीच सावली मधे तडमडते. मला वाटलं, आता तरी सकाळ आली. रात्र झाल्याशिवाय हा माग कुठून येणार?

आईला पाठवला. म्हणाली, “समुद्रावर ट्रॅक्टर कशाला गेला?”

तेव्हा आता तूच सांग. सोबत दोन्ही फोटो धुऊन पाठवतेय, फोनवर बघून मत देऊ नकोस. पमीला दाखवू नकोस, ती कशालाही छान म्हणते.

वास्तुशांतीला येणं जमेलसं वाटत नाही, मार्चअखेर बँक सोडत नाही. ओंकारला दहावीसाठी शुभेच्छा सांग, फार मागे लागू नकोस त्याच्या. तुझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का?

आणि हो, तुझ्याकडे तो आकाशाचा उजेड दाबणारा अर्धा काळा फिल्टर पडून असेल तर कुरियर कर. चौकोनी पट्टीवालाच हवा, फिरवून बसवायचा नको, त्यात क्षितिज मधोमधच ठेवावं लागतं. पट्टीचा होल्डर 58 मिमीच्या लेन्सतोंडाला बसतो का बघ. पैसे मागितलेस तर कुत्र्याच्या रोलचे वजा करीन.

तुझीच,
शैला