अडीच वर्षांत पदवी घेणाऱ्यांना विषयनिवडीत पहिला नंबर का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मुदतीआधी पदवी पूर्ण करण्याची मुभा देणारी कार्यपद्धती मंजूर केली. तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत घेता येईल आणि त्यासाठी मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्क्यांपर्यंत जागा ठेवता येतील. म्हणजे १२० च्या तुकडीत जास्तीत जास्त १२ विद्यार्थी. या विद्यार्थ्यांना सगळ्याच विषयांच्या निवडीत अग्रक्रम द्यावा, असा आग्रह आता आमच्या स्टाफरूममध्येही धरला जातो. कॉलेजच्या वेळापत्रकाचे काम माझ्याकडे असते, त्यामुळे या मागणीतला खरा भाग किती आणि अन्याय कुठे सुरू होतो, हे मला रोज दिसते.

खरा भाग आधी सांगते. पदवीला किमान १२० श्रेयांक (क्रेडिट) लागतात, सत्राला साधारण २०. मुदतीआधी जायची परवानगी पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी मिळते. पहिल्यानंतर मिळाली तर उरलेले १०० श्रेयांक चार सत्रांत, म्हणजे दर सत्राला २५. दुसऱ्यानंतर मिळाली तर तीन सत्रांत ८०, म्हणजे जवळपास २७. शिवाय सहाव्या सत्राचे पेपर बहुतेक कॉलेजांत दिवाळीनंतरच्या सत्रातच शिकवले जातात. पाचव्या सत्राअखेर बाहेर पडणाऱ्याला ते त्याआधीच्या दिवाळीनंतरच्या, म्हणजे चौथ्या सत्रातच, टी.वाय.च्या (तिसऱ्या वर्षाच्या) वर्गात बसून पूर्ण करावे लागतात. तिथे प्रॅक्टिकलची बॅच भरली म्हणून त्याला परत पाठवले, तर त्याची सगळी योजनाच कोलमडते. मुख्य विषयाच्या अशा पेपरला त्याची जागा राखलीच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. या वाटेने जाणारे सगळे सुखवस्तू घरातले असतात असेही नाही. वडिलांची नोकरी संपत आली म्हणून सहा महिने आधी कमावते व्हायचे आहे, अशीही मुले-मुली त्यात आहेत.

पण ओपन इलेक्टिव्हचे, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या ऐच्छिक विषयांचे काय? तिथे लवकर जाणाऱ्याला श्रेयांक हवे असतात, ते अमुकच विषयाचे असावेत अशी अट नसते. तरीही त्याला आधी निवडू दिले, तर ज्या दोन-तीन विषयांवर सगळ्यांच्या उड्या पडतात त्यांच्या जागा आधीच जाणार आणि बाकीच्यांनी उरलेसुरले घ्यायचे. वेळेची अडचण असेल तर त्याच्यासाठी केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मार्ग आहे, एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करता येतात.

मला सर्वात जास्त खटकते ते वेगळेच. त्याच कार्यपद्धतीत पदवीला दोन सत्रांपर्यंत जास्त वेळ घेण्याचीही सोय आहे. तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आमच्याकडचा एक विद्यार्थी दुपारी दोनपासून मेडिकल स्टोअरमध्ये काम करतो. त्याला फक्त सकाळचे तास चालतात. सकाळचा विषय भरला की त्याच्यापुढे दोनच पर्याय : काम सोडायचे किंवा तास बुडवायचे. निवडीत आधी यायची खरी गरज याला आहे, पण हळू शिकणारा म्हणून त्याच्या वाट्याला रांगेचे शेवटचे टोक येते. भराभर पुढे जाणे हुशारीचे आणि सावकाश जाणे कमीपणाचे, ही समजूत आपल्या व्यवस्थेत इतकी मुरली आहे की तिच्यामुळे कोणाचे नुकसान होते हे आपण तपासतही नाही.

आजची पद्धतही न्याय्य नाहीच. सकाळी दहाला गूगल फॉर्म उघडतो आणि चांगल्या विषयांच्या जागा बघता बघता संपतात. त्या वेळी घाटातल्या एसटीत बसलेल्या मुलीच्या मोबाईलला रेंज नसते. ती कॉलेजात पोहोचते तेव्हा यादीत दोनच विषय उरलेले असतात आणि आम्ही तिला ‘उशीर झाला’ म्हणून सांगतो. ती तर नेहमीच्याच गाडीने आलेली असते.

म्हणून विद्यापीठांना माझी विनंती आहे की अग्रक्रम विद्यार्थ्याला न देता पेपरला द्यावा. जो पेपर त्याच सत्रात झाला नाही तर पदवी अडेल, त्यात लवकर जाणाऱ्याची आणि जास्त मुदत घेणाऱ्याची, दोघांची जागा राखावी. कामावर जाणाऱ्यांना, नोकरीचा दाखला पाहून, वेळेची निवड आधी करू द्यावी. बाकी ऐच्छिक विषयांसाठी आठवडाभर पसंतीक्रम मागवावेत, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकाव्यात आणि ज्यांची पहिली पसंती हुकली त्यांचा पुढच्या सत्रात आधी विचार व्हावा. हे नियम प्रथम वर्षाच्या माहितीपुस्तिकेतच छापावेत, म्हणजे मुदतीआधी पदवी घ्यायची की नाही हे ठरवताना विद्यार्थ्यांना आणि पालकांना ते ठाऊक असतील.

आपली,
वेळापत्रक समितीतील एक प्राध्यापिका, सातारा