नादकाट्याला त्याच्या मापात ठेवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

नादकाटे (ठोकल्यावर एकाच ठरावीक सुरात वाजणारे, एक दांडा आणि दोन भुजा असलेले धातूचे काटे) वापरून विश्रांतीचा सराव कसा करावा याचं आमचं टिपण तपासायला तुमच्याकडे गेलं तेव्हा सात पानांचं होतं, परत आलं ते साडेचार पानांचं. गळलेल्या अडीच पानांबद्दल तुमचे आभार, आणि समासात बारीक अक्षरांत जे भरलंत त्याबद्दल जास्तच. पत्र उघडपणे लिहितो आहोत, कारण काटा हातात घेणाऱ्या कुणालाही तो समास उपयोगी पडेल.

पहिली दुरुस्ती काटा वाजवण्याची. ‘काटा जोरात आपटावा’ हे आमचं वाक्य तुम्ही आडव्या रेघेने संपवलंत. जोरात आपटला की मूळ सुराच्या सुमारे सहापट वारंवारतेचा एक कर्कश टणत्कार उठतो, म्हणजे 256 हर्ट्झच्या (सेकंदाला 256 कंपनांच्या) काट्यात साधारण 1600 हर्ट्झच्या आसपास. कानाला खुपतो तो हाच. त्यावरचा तुमचा उपाय असा: दांडा अंगठा आणि दोन बोटांत सैलसर धरायचा, भुजेच्या टोकापासून साधारण पाव लांबीवर, सपाट बाजूने, रबराच्या जाड चकतीवर किंवा तळहाताच्या मनगटालगतच्या मांसल भागावर हलका ठोका द्यायचा आणि हात लगेच मागे घ्यायचा. त्या टणत्कारात ज्या जागी भुजा जवळपास स्थिर असते, तिथेच ठोका पडतो, म्हणून तो फारसा उठतच नाही. तरीही उरलाच तर एक-दोन सेकंद थांबायचं, तो आधी मरतो. टेबलाच्या कडेवर किंवा गुडघ्याच्या वाटीवर काटा आपटायचा नाही, आणि काट्यावर काटा तर मुळीच नाही. एक टवका उडाला की सूर सरकतो. टोकाकडचा धातू कमी झाला तर सूर चढतो, दुबेळक्यातला, म्हणजे दोन भुजा जुळतात तिथला, कमी झाला तर उतरतो. भुजेवर चिकटलेलं मेण किंवा मळही सूर उतरवतो, म्हणून वापर झाला की कोरड्या मऊ कापडाने पुसायचं. पोलादी काट्याला हे दुप्पट लागू, कारण त्याला गंजही चढतो.

दुसरी गोष्ट दांड्याची. ‘काटा बिघडला, आवाज मरतो’ ही तक्रार कुणी केली तर आधी बोटं कुठे आहेत ते बघा, असं तुम्ही लिहिलंत. भुजा एकमेकींपासून दूर जातात आणि जवळ येतात, तेव्हा दांडा अगदी सूक्ष्म वरखाली होतो. त्यामुळे दांडा धरला तर फारसं बिघडत नाही. बोटं दुबेळक्याला लागली की मात्र कंपन लगेच विझतं. दांड्याची हीच वरखाली हालचाल अंगावर टेकवण्यासाठी उपयोगाची असते, आणि अंगाने ती शोषली की काटा लवकर गप्प होतो. हवेत बराच वेळ घुमणारा काटा हाडावर काही सेकंदांत थांबला, तर तो बिघडलेला नसतो, त्याची ऊर्जा अंगात गेलेली असते.

कुठला काटा कशासाठी, याचा आमच्या टिपणात गोंधळच होता. भुजांच्या टोकांना वजनं लावलेला 128 हर्ट्झचा काटा अंगावर टेकवण्यासाठी, आणि वजनाविना 256 व 384 हर्ट्झचे काटे ऐकण्यासाठी, अशी तुम्ही सरळ वाटणी केलीत. तुमच्या वैद्यकीय व्यवसायातही तसंच आहे: कान तपासायला 512 चा काटा आणि पायाच्या नसांची जाणीव बघायला 128 चा, कारण खालचे सूर ऐकू येण्यापेक्षा हाडात जाणवतात. वजनामुळे वारंवारता उतरते, म्हणून काटा फार लांब करावा लागत नाही.

256 आणि 384 यांचं प्रमाण 2:3 आहे, म्हणजे षड्ज-पंचमच. तंबोरा लावणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही. त्यांत जरा फरक असला की सूर हेलकावतो, आणि तो हेलकावा अगदी मंद असेपर्यंत गोड वाटतो. मोबाइलवरच्या स्वरमापकाने दोन्ही काटे एकदा तपासून घ्यावेत. ऐकू कमी येत असेल तर दांड्याचं टोक लाकडी पेटीवर टेकवावं. आवाज मोठा होतो, पण लवकर संपतो.

ऐकण्याचा क्रम तुमच्या दुरुस्तीनंतर असा ठरला. पंखा बंद, पाठ टेकलेली, डोळे मिटलेले. 256 चा काटा एका कानापासून सुमारे 15 सेंटीमीटरवर आणि 384 चा दुसऱ्याशी तितक्याच अंतरावर. भुजांची सपाट बाजू किंवा कड कानाकडे असावी, कोपरा कधीच नको. काटा कानाजवळ गोल फिरवून पाहा, एका फेरीत चार जागी आवाज जवळपास नाहीसा होतो, कारण तिथे दोन भुजांच्या लाटा एकमेकींना खोडतात. (आम्ही या चार जागांना ‘काट्यात काहीतरी दोष’ म्हणत होतो. तुमच्या लाल शाईचा सर्वांत मोठा डाग याच वाक्यावर आहे.) आवाज सुरू झाला की श्वास सोडायचा, आवाज विरेपर्यंत सावकाश. मग थोडी शांतता. असे पाच-सहा ठोके, पुढे काटे अदलाबदल करून तितकेच. दहा मिनिटं पुरतात. चाळीस मिनिटांचा बेत तुम्ही खोडलात, कारण तोवर लक्ष कुठल्या कुठे गेलेलं असतं.

अंगावर टेकवताना 128 चा काटा उभा धरायचा, पेनने लिहितो तितकाच दाब द्यायचा, पातळ कापडावरूनही चालतं. तळपाय, तळहात, पोटरीचा मांसल भाग आणि छातीच्या मधलं हाड या जागा पुरेशा आहेत. प्रत्येक जागी दोन-तीन ठोके. दुखत असलेल्या हाडावर, उघड्या जखमेवर, सुजलेल्या शिरेवर किंवा पेसमेकरच्या आसपास टेकवायचा नाही. गरोदरपणात, फेफरे येत असल्यास किंवा शरीरात कृत्रिम भाग बसवलेला असल्यास आधी डॉक्टरांना विचारायचं. कानात सतत आवाज येत असेल किंवा साधे आवाजही सहन होत नसतील, तर कानाजवळचा भाग सोडून द्यायचा.

इथेच तुम्ही एक ओळ घातलीत, जी आम्हाला कधीच सुचली नसती. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाच्या अंगठ्याला 128 चा काटा टेकवला आणि कंपन जाणवलंच नाही, तर जास्त जोराने ठोकू नये, डॉक्टरांना सांगावं. नसांची जाणीव तपासायला डॉक्टर नेमका हाच काटा वापरतात. त्या एका ओळीसाठी टिपणाची अडीच पानं गेली तरी हरकत नाही.

आता त्या अडीच पानांकडे. 528 हर्ट्झ पेशी दुरुस्त करतात, अमुक सूर अमुक अवयव बरा करतो, असं बरंच आम्ही लिहिलं होतं, आणि तुम्ही शेजारी फक्त ‘पुरावा?’ एवढंच लिहिलंत. 136.1 हर्ट्झच्या ‘ओम’ काट्याचा तर तुम्ही हिशोबच मांडलात. 365.242 दिवसांच्या वर्षाचे सेकंद काढायचे, 1 ला त्यांनी भागायचं आणि उत्तर 32 वेळा दुप्पट करायचं, की 136.1 येतं. गणित चोख, पण त्यावरून औषध सिद्ध होत नाही. काट्याचा सूर मात्र छान आहे, म्हणून काटा ठेवला आणि दावा काढला. शांत वाटण्यामागे संथ श्वास, एकाच आवाजावर ठेवलेलं लक्ष आणि पंखा बंद केलेली खोली यांचाही हात असणार, हे तुमचं वाक्य आम्ही आहे तसं छापलं आहे.

तुम्ही नमुन्यादाखल दिलेला 512 चा काटा रबराच्या चकतीसह परत पाठवत आहोत. एका भुजेच्या टोकावर बारीक ओरखडा आहे, तो जुना आहे का एवढं कळवा. नसेल तर आमच्याकडून झाला आणि नवा काटा आमच्याकडे लागू.

आपले ऋणी,
टिपण लिहिणारे आम्ही सर्व