कट्ट वाजलं म्हणजे कंबर बरी झाली असं नाही

मा. संपादक, स.न.

रविवारच्या पुरवणीतला कंबरदुखीवरचा लेख वाचला, चांगलाय, पण कायरोप्रॅक्टिक (हाताने मणका दाबून करायचा उपचार) तुम्ही एका ओळीत उरकलंत आणि इथे तर ज्याच्या त्याच्या मोबाईलवर तेच चालूय, माणूस टेबलावर आडवा, वरून दाबलं की कट्ट, आणि पेशंट हसत उठला. म्हणून लिहितोय.

मी टेम्पो चालवतो, वय 52. जूनमध्ये गोणी उचलताना कंबरेत अशी उसण भरली की वाकलो तो वाकलेलाच राहिलो. आई म्हणाली पायाळू माणसाचा पाय लावून घे, शेजारच्या काकू पायाळू आहेत, तेही केलं (काकूंनी वर चहा पाजला). मग एका कायरोप्रॅक्टिक सेंटरला गेलो तर तपासायच्या आधीच "मणका सरकलाय" आणि 24 सिटिंगचं पॅकेज, पैसे आगाऊ! तसाच कंबर धरून घरी आलो.

नंतर मुलीने परदेशात कायरोप्रॅक्टिक शिकून आलेल्या एक बाई शोधल्या. त्यांनी आधी बराच वेळ नुसतं विचारलं. लघवी-संडासवरचा ताबा सुटलाय का, बसायची जागा बधिर झालीय का, पायातली ताकद कमी झालीय का, ताप, वजन घटणं, पूर्वी कॅन्सर, हाडं ठिसूळ, कुठे पडलात का. यातलं काही असतं तर मी हात लावला नसता, सरळ हॉस्पिटलला पाठवलं असतं म्हणाल्या. आणि तो आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याचा नाही बरं का, सांध्यातल्या पाण्यात गॅसचा बुडबुडा होतो त्याचा! एमआरआयमध्ये "मणक्यांमधली गादी फुगलीय" वाचून मी घाबरलेलो, तर त्या म्हणाल्या काहीच न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांतही निम्म्याहून जास्त जणांची तशी दिसते.

हे सगळं सुरू झालं 1895 मध्ये अमेरिकेत, आयोवातल्या डेव्हनपोर्टला. डी. डी. पामर यांनी एका बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं असा दावा केला. म्हणजे सुरुवात कानाची आणि गिऱ्हाईक सगळं कंबरेचं! कानाचं मला पटत नाही, पण कंबरेचं अगदीच थोतांड नाही. तिकडच्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2017 मध्ये सांगितलं की नव्या कंबरदुखीला गोळ्यांआधी शेक, मसाज, मणक्याचं मॅनिप्युलेशन (म्हणजे हेच हाताने दाबणं) असलं करून बघा. ब्रिटनवाले म्हणतात करा, पण सोबत व्यायाम हवाच. आणि डब्ल्यूएचओने 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीला पट्टा नि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं) नको म्हटलंय, आमच्याकडे तर खुंटीला दोन पट्टे लटकतायत.

मला तीन सिटिंग आणि रोजच्या व्यायामाने महिन्याभरात बरं वाटलं. आता यात बाईंचा हात किती आणि दिवसांचा किती देव जाणे, कारण नुसती उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरतेच. म्हणून तर आगाऊ 24 सिटिंगचा राग येतो. डॉक्टरांसारखी कायरोप्रॅक्टिकची वेगळी कौन्सिल आपल्याकडे नाही, त्यामुळे कुठे शिकलात, किती वर्षं, हे आपणच तोंडावर विचारायचं, लाजायचं नाही. आणि सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून घेता ते तर बंदच करा.

पुढच्या पुरवणीत बाईंनी विचारलेले ते प्रश्न मोठ्या अक्षरात चौकट करून छापा, आमच्या टेम्पो स्टँडवर चिकटवतो.

– एक टेम्पोवाला वाचक, पुणे